हिरव्या बाटलीचा भाव कोण ठरवतं? बेळगावच्या एका बारमधलं प्रकरण

बेळगावात खानापूर रोडला एक बार अँड रेस्टॉरंट आहे. परवाना सीएल-९, म्हणजे गिऱ्हाइकाने टेबलावर बसून खायचं-प्यायचं. मालक साठीच्या पुढचे, अख्खी गल्ली त्यांना काका म्हणते. गल्ल्यावर आता बहुतेक वेळ पुतण्या बसतो. त्याने पुण्यात एमबीए केलं आणि नोकरी न धरता परत आला. उन्हाळ्याच्या तोंडावर एका जागतिक प्रीमियम बिअर ब्रँडचा प्रतिनिधी त्यांच्याकडे प्रस्ताव घेऊन आला. कंपनी दोन दारांचा उभा फ्रिज फुकट देणार. आतले दिवे, ग्लास, कोस्टर, मेन्यू कार्डाचा खर्च, सगळं तिच्याकडून. बदल्यात फ्रिजमध्ये फक्त कंपनीचाच माल राहील, वरचे कप्पे प्रीमियम बाटलीचे असतील आणि फ्रिज दाराजवळ, आत येणाऱ्याच्या समोर ठेवायचा.

काकांनी लगेच नकार दिला. त्यांना काळजी स्ट्राँगची, म्हणजे जास्त अल्कोहोलच्या बिअरची. "फ्रिज फुकट देतोय खरं, जागा आमची जाणार की! शनिवारी स्ट्राँग गार मिळाली नाही तर गिऱ्हाईक उठून शेजारी जातंय बघ." पुतण्याचं म्हणणं उलट होतं. "काका, पुण्याहून, बेंगळूरहून सुट्टीला आलेली पोरं हेच मागतात की. नाही म्हटलं की दुसऱ्यांदा येत नाहीत."

या प्रकरणात सल्ला देताना मला दिसलं, की दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. जागतिक ब्रँडची रणनीती आपण पुस्तकांत वाचतो ती ॲमस्टरडॅम, न्यूयॉर्क, लंडनच्या नजरेने लिहिलेली असते. तीच रणनीती सीमाभागातल्या एका फ्रिजच्या दारापाशी येते तेव्हा तिचं काय होतं, हे मराठीत कुणी मांडलेलं माझ्या वाचनात नाही. आणि या धंद्यात आपली माणसं आहेत, त्यांच्या घरांचं पोट त्यावर आहे.

बिअर 'वरची' होते ती घरापासून लांब

प्रीमियम बिअरच्या जागतिक इतिहासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी, की यातले बहुतेक ब्रँड मायदेशी साधेच असतात. हाइनेकन नेदरलँड्समध्ये रोजची बिअर आहे. स्टेला आर्टवा बेल्जियममध्ये कोपऱ्यावरच्या पबात मिळते. कोरोना मेक्सिकोत कामावरून सुटलेला माणूस पितो. हे ब्रँड 'वरचे' झाले ते समुद्र ओलांडल्यावर.

हाइनेकनचंच बघा. १८६४ मध्ये बावीस वर्षांच्या गेरार्ड हाइनेकनने ॲमस्टरडॅममधली 'डे होयबर्ग' ही जुनी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, विकत घेतली. १८८६ मध्ये डॉ. एलियन यांनी कंपनीच्या प्रयोगशाळेत स्वतःचं यीस्ट वेगळं काढलं. आज जगात कुठेही ही बिअर बनली तरी त्याच जातीचं यीस्ट वापरलं जातं. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि तिथे अगदी सुरुवातीला पोहोचलेल्या परदेशी बिअरमध्ये हाइनेकन होती. तिथल्या आयातदाराने ती स्वस्तात विकायचा मोह टाळला. चांगल्या हॉटेलांत आणि रेस्टॉरंटांत, स्थानिक बिअरहून चढ्या भावाने, तीच हिरवी बाटली, तोच लाल तारा. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्फ्रेड हाइनेकन अमेरिकेत जाऊन हा धंदा जवळून शिकले. परत आल्यावर त्यांनी लेबलकडे इतकं बारकाईने पाहिलं, की नावातली 'ई' अक्षरं किंचित मागे कलती करून हसरी केली.

याच ब्रँडची ब्रिटनमधली कहाणी मात्र वेगळी आहे आणि आपल्या प्रकरणाला तीच जास्त उपयोगाची. तिथे ती अनेक वर्षं परवान्यावर तिथेच बनवून, स्थानिक सवयीप्रमाणे हलकी करून, ३.४ टक्के अल्कोहोलची विकली गेली. जाहिराती गाजल्या, खप झाला. पण जगभर 'वरची' समजली जाणारी बिअर ब्रिटनमध्ये सामान्य होऊन बसली. २००३ मध्ये कंपनीने ती हलकी बिअर बाजारातून काढून घेतली आणि ५ टक्क्यांची आयात बिअर नव्याने आणली. चालू खपावर पाणी सोडून नाव दुरुस्त करायला धाडस लागतं.

अमेरिकेत १९७० च्या दशकात लोवेनब्राउचं उलटं झालं. म्युनिकहून येणारी ही मानाची बिअर मिलर कंपनीने अमेरिकेतच बनवायला घेतली. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं, की आपण परदेशी बिअरचे पैसे मोजतोय आणि ती बनते इथेच. तो मान पुन्हा मिळाला नाही.

भारतात आयात शुल्क इतकं जबर आहे, की मोठ्या प्रमाणावर बाटली बाहेरून आणून विकणं परवडत नाही. किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजमध्ये हाइनेकनचा २००८ मध्ये शिरकाव झाला आणि २०२१ मध्ये तिचा हिस्सा ६१.५ टक्क्यांवर जाऊन ताबा आला. बिअर इथेच बनते. म्हणजे लोवेनब्राउ ज्या खड्ड्यात पडली त्याच्या काठावरून भारतातल्या प्रत्येक 'परदेशी' बिअरला चालावं लागतं. 'आयात' हा शब्द हाताशी नाही. मग चढा भाव कशावर टिकणार? चवीवर, ताजेपणावर आणि टेबलावर ती कशी येते त्यावर. बेळगावच्या फ्रिजचा प्रश्न इथून सुरू होतो.

भाव कंपनीच्या हातात नाही

कर्नाटकात कुठलीही कंपनी बारवाल्याला थेट माल विकू शकत नाही. २००३ पासून राज्याचं बेव्हरेजेस कॉर्पोरेशन, केएसबीसीएल, हा एकमेव घाऊक विक्रेता आहे. बारवाला आधी पैसे भरतो, इंडेंट म्हणजे मालाची मागणी टाकतो आणि कॉर्पोरेशनच्या डेपोतून पेट्या उचलतो. उधारी नाही, घाऊक सूट नाही, 'दहावर एक फुकट' नाही. महाराष्ट्रात वितरक आणि दुकानदार यांच्यात जी घासाघीस चालते तिला इथे जागाच नाही. कंपनीच्या हातात उरतं काय, तर फ्रिज, ग्लास, वेटरचं प्रशिक्षण आणि प्रतिनिधीची ये-जा. प्रस्ताव फ्रिजचा का आला, याचं उत्तर या व्यवस्थेत आहे.

दुसरी गोष्ट परवान्यांची. सीएल-२ दुकानांचे आणि सीएल-९ बारचे नवे परवाने १९९२ पासून कित्येक वर्षं जवळजवळ बंदच राहिले. होते तेच हस्तांतरित होत आले. लोकसंख्या वाढली, उद्यमबागेतले कारखाने वाढले, कॉलेजं वाढली, पण बारच्या फ्रिजांची दारं त्या मानाने वाढली नाहीत. बेळगावातली खरी टंचाईची वस्तू फ्रिजमधली जागा आहे. काकांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. कंपनीलाही ठाऊक होतं, म्हणून तिने पैशाऐवजी जागा मागितली.

तिसरी गोष्ट कराची. प्रकरण घडलं तेव्हा राज्यातला बिअरवरचा अतिरिक्त अबकारी कर कंपनीने जाहीर केलेल्या मूळ किमतीच्या टक्क्यांत ठरायचा. जुलै २०२३ मध्ये तो १७५ वरून १८५ टक्के झाला. २० जानेवारी २०२५ पासून १९५ टक्के किंवा लिटरमागे १३० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. त्यानंतरही दर हलले आहेत, पण तर्क समजून घ्यायला हा टप्पा पुरेसा आहे.

टक्केवारीचा कर प्रीमियम बिअरला कसा मारतो बघा. समजा एका बाटलीची मूळ किंमत ३० रुपये आणि दुसरीची ६०. फरक ३० चा. १९५ टक्के लावले की पहिली ८८.५० आणि दुसरी १७७. फरक ८८.५० वर गेला. कंपनीने चांगल्या मालासाठी, चांगल्या बाटलीसाठी तीस रुपये जास्त लावले आणि गिऱ्हाइकाला मात्र त्याच्या जवळजवळ तिप्पट मोजावे लागले. वरचे जवळजवळ साठ रुपये सरकारच्या खजिन्यात गेले, त्यांनी बिअर काडीचीही चांगली झाली नाही. ॲमस्टरडॅममधल्या मार्केटिंग विभागाने ठरवलेली 'किंमतीची शिडी' बेंगळूरच्या एका अधिसूचनेने ताणली जाते ती अशी.

आता किमान कराचा भाग. ६५० मिलीच्या बाटलीवर लिटरमागे १३० म्हणजे ८४.५० रुपये. म्हणून आपल्या उदाहरणातली ३० रुपयांची बाटली ८८.५० ऐवजी ११४.५० ला पडते, ६० ची मात्र १७७ वरच राहते. फरक ८८.५० वरून ६२.५० वर आला. साधारण ४३ रुपयांच्या खालच्या मूळ किमतीच्या प्रत्येक बाटलीला हा किमान कर बोचला, वरच्या बाटल्यांना नाही. त्या वेळी वृत्तपत्रांत आलेले भावही हेच सांगतात: लेजंड १०० वरून १४५, तर हंटर १८० वरून १९० आणि वुडपेकर क्रेस्ट २४० वरून २५०. तळाची बाटली पंचेचाळीस रुपयांनी चढली, वरची फक्त दहाने.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वात मोठा धागा हाच आहे. बिअर महागली म्हणून सगळीकडे ओरड झाली. पण स्वस्त आणि प्रीमियम यांच्यातली दरी त्या एका निर्णयाने जितकी कमी झाली तितकी ती दहा वर्षांच्या जाहिरातींनी झाली नव्हती. पुतण्याने हे ओळखलं. "जो माणूस आधीच दीडशे देऊन लागलाय," तो काकांना म्हणाला, "त्याला वरचे साठ-सत्तर जड नाहीत. शंभर देत होता तेव्हा जड होते."

सरकारच एकमेव खरेदीदार असण्याचे धोकेही आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तेलंगणात थकबाकी आणि न वाढलेले दर यांवरून युनायटेड ब्रुअरीजने राज्याच्या महामंडळाला पुरवठा थांबवला. काही दिवसांत तो सुरू झाला आणि पुढच्या महिन्यात सरकारने दर १५ टक्के वाढवले. आणि लेबल. प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी लागते. बिरा ९१ या बिअरच्या कंपनीने नावातला 'प्रायव्हेट' शब्द काढला, तेवढ्याने राज्याराज्यांत लेबलं नव्याने नोंदवावी लागली, कित्येक महिने विक्री अडली आणि २०२३-२४ चा तोटा ७४८ कोटींवर गेला. फ्रिजमध्ये एकाच कंपनीचा माल ठेवण्याची अट मान्य करताना बारवाल्याने हे लक्षात घ्यायलाच हवं. त्या कंपनीचा पुरवठा अडला, तर रिकामा फ्रिज दाराजवळ उभा राहील.

चोर्ला घाटापलीकडची तीच बाटली

बेळगावचा माणूस गोव्याला सहज जातो. चोर्ला घाटातून सकाळी निघालं की दुपारच्या आत पणजी. इकडून भाजी, दूध जातं, तिकडून लोक खरेदीला आणि दवाखान्याला येतात. गोव्यात बिअरवरचा कर कमी. तीच हिरवी बाटली, तेच लेबल, तोच तारा, पण भाव बेळगावपेक्षा कितीतरी खाली.

जागतिक ब्रँडचं सगळं बळ एकसारखेपणात असतं. बेळगावात हेच बळ उलटतं. शनिवारी कलंगुटच्या शॅकमध्ये जी बाटली प्यायली तीच सोमवारी खानापूर रोडला दिसली की गिऱ्हाईक भाव ताडून बघतो. स्ट्राँगच्या स्थानिक ब्रँडला हा त्रास नाही, कारण ती कुणी गोव्यात जाऊन मागवत नाही. ब्रँड जितका सगळीकडे सारखा, तितकी तुलना सोपी. आणि सीमाभाग म्हणजे जिथे ही तुलना रोज होते असा पट्टा. निपाणीचा माणूस कोगनोळीपलीकडे कागल-कोल्हापूरचे भाव जाणतो, कारवारचा माणूस काणकोणचे, बिदरचा माणूस तेलंगणाचे. बेंगळूरच्या गिऱ्हाइकासमोर असा दुसरा आकडा नसतो. बेंगळूरसाठी आखलेली योजना इथे तशीच चालवणं म्हणून चुकतं.

गोव्यातून आणलेली बाटली कर्नाटकात विकणं गुन्हा आहे. ती पळवाट काकांनी कधी धरली नाही आणि कुणी धरूही नये. परवाना गेला तर परत मिळत नाही.

मग उपाय काय? मी सुचवला तो मापाचा. ६५० ची बाटली समोर आली की गोव्याचा भाव आठवतो. ३३० मिलीची पिंट, गार ग्लासात ओतून, तळलेल्या बांगड्यासोबत आली की आकडा ताटाच्या हिशेबात मिसळतो. कोब्रा बिअरचा धडा इथे उलट बाजूने कामाला येतो. करण बिलिमोरियांनी १९८९ मध्ये ती कंपनी काढली, बिअर बेंगळूरहून बनवून लंडनला नेली आणि तिथल्या भारतीय रेस्टॉरंटांत विकली. दोन मुद्दे धरले: मसालेदार जेवणासोबत पोट फुगवणार नाही अशी कमी गॅसची बिअर, आणि टेबलावर वाटून प्यायला मोठी बाटली. तिथल्या पबांच्या गर्दीत ते शिरलेच नाहीत, जेवणाच्या टेबलावरून ब्रँड उभा केला. कर्नाटकातून निघालेल्या बिअरने जगाला हे शिकवलं. बेळगावात प्रीमियम बिअर विकायची तर तिलाही जेवणाचाच आधार लागेल, फक्त माप लहान.

काकांच्या स्वयंपाकघरात बांगडा रवा फ्राय आणि सुकं मटण चांगलं होतं. स्ट्राँग पिणारा मसाला शेंगदाणे आणि पापडावर दोन बाटल्या संपवून उठतो. पिंट मागवणारा जेवतो. सीएल-९ वाल्याची कमाई शेवटी जेवणात आहे, हे काका स्वतःच गेली तीस वर्षं सांगत आले होते.

स्ट्राँगचा मोह

भारतात विकली जाणारी बहुतांश बिअर स्ट्राँग आहे. म्हणून जागतिक कंपन्यांनी इथे वेगळे मार्ग धरले. बडवायजरने मॅग्नम आणली, कार्ल्सबर्गने एलिफंट. युनायटेड ब्रुअरीजने स्ट्राँगसाठी किंगफिशर अल्ट्रा मॅक्स पुढे केली आणि हाइनेकन हे नाव माइल्डच, म्हणजे कमी अल्कोहोलचंच, ठेवलं, उलट हाइनेकन सिल्व्हर ही आणखी हलकी आणली. मला दुसरा मार्ग पटतो. ब्रिटनमध्ये ३.४ टक्क्यांनी जे झालं ते इथे उलट्या टोकाने, ८ टक्क्यांनी, होऊ शकतं. सीमाभागात खप वाढवायचा म्हणून मुख्य नावच स्ट्राँग केलं तर पुण्याहून आलेला मुलगा ज्या बाटलीसाठी थांबतो तीच उरणार नाही. इथला बाजार पुण्यात, बेंगळूरात, दुबईत तयार होतो. बेळगाव फक्त सुट्टीत त्याचं पीक काढतं. ती ओळख इथे पातळ करणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं बी मोडून खाणं.

प्रतिनिधीने एक गोष्ट वारंवार सांगितली: कंपनी फॉर्म्युला वन आणि युरोपातल्या फुटबॉलमधून जगभर दिसते, त्याचा फायदा तुम्हाला मिळेल. मिळतोही. पण भारतात दारूची थेट जाहिरात टीव्हीवर २००० पासून बंद आहे, आणि २०२२ च्या केंद्रीय नियमावलीने आडवाटेच्या जाहिरातींवरही बोट ठेवलं. म्हणून हे दिसणं सामन्यांच्या प्रक्षेपणातून, मैदानावरच्या पाट्यांतून झिरपतं. रात्री उशिरा चॅम्पियन्स लीग बघणारा कॉलेजचा मुलगा ती पाटी रोज बघतो. इथे मी काकांच्या बाजूने कडक आहे: कर्नाटकात एकवीसच्या आतल्याला द्यायची नाही. बेळगाव इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या मुलांनी भरलेलं गाव आहे. ओळखपत्र बघण्यात वेटरने ढिलाई केली तर ब्रँड आणि बार दोन्ही बदनाम होतील, आणि व्हायलाच हवेत.

पाटी आणि पंचांग

बेंगळूरच्या कार्यालयातून बघितलं तर बेळगाव 'उत्तर कर्नाटक' या रकान्यात येतं. या रकान्याने दोन चुका होतात.

पहिली पाटीची. २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. जगभर एकसारखी असलेली कंपनीची इंग्रजी झगमगती पाटी इथे बाहेर लावता येत नाही. आतलं मेन्यू कार्ड मात्र मालकाचं. तिथे मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही हवेत, कारण येळ्ळूरहून आलेला शेतकरी, गोकाकहून आलेला व्यापारी आणि विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनासाठी सुवर्णसौधला आलेला अधिकारी एकाच संध्याकाळी शेजारच्या टेबलांवर असतात.

दुसरी चूक तारखेची, आणि ती जास्त महागात पडते. १ नोव्हेंबरला राज्यभर राज्योत्सवाच्या योजना निघतात. बेळगावात त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते. त्या दिवशी एखाद्या बाजूचा रंग लावलेलं कोस्टर टेबलावर ठेवणं म्हणजे अर्ध्या गिऱ्हाइकाला दुखावणं. ब्रँडने त्या आठवड्यात गप्प राहावं, हाच माझा सल्ला होता, आणि प्रतिनिधीने तो लिहून घेतला. इथलं खरं विक्रीचं पंचांग वेगळं आहे. गणपतीत पुण्या-मुंबईची माणसं घरी येतात, पण मिरवणुकीच्या दिवशी दुकानं बंद ठेवण्याचे आदेश निघतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीलाही तेच. महाराष्ट्रात मतदान असलं की सीमेलगतच्या पट्ट्यातली विक्रीही थांबवावी लागते. बंदीच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसांचा माल आधी उचलून ठेवला नाही तर हंगाम हातचा जातो, आणि जास्त उचलला तर जुना होतो.

फ्रिज

आता मूळ प्रश्नाकडे. हिरव्या काचेतून प्रकाश आत जातो. त्याने बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांतल्या कडू द्रव्यांचं विघटन होऊन एक गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि बिअरला कुबट वास येतो. तपकिरी काच तो प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पांढरी फारसा अडवत नाही. म्हणजे प्रीमियम बाटली जितकी देखणी, तितकी नाजूक. आणि प्रस्ताव होता तो फ्रिज दाराजवळ, काचेच्या दारामागे, दिवे लावून, दुपारच्या उन्हाच्या तिरपीत ठेवायचा! दिसण्यासाठी मागितलेली जागाच बिअर बिघडवणारी होती.

त्यात उष्णता. बेळगावची हवा बरी, पण चिक्कोडी, रायबाग, अथणीकडे एप्रिल-मे कडक असतो. पेट्या फ्रिजबाहेर गोदामात आठवडे राहिल्या, वीज जाऊन-येऊन बाटली गार-कोमट होत राहिली, की चव उतरते. स्ट्राँग पिणाऱ्याच्या हे चटकन लक्षात येत नाही. प्रीमियमचे पैसे मोजणाऱ्याच्या येतं. पुण्यात याहून चांगली लागली होती, एवढंच तो म्हणतो आणि पुढच्या वेळी दुसरं काही मागवतो. कंपनीने ॲमस्टरडॅमपासून यीस्ट सांभाळत आणलेलं असतं आणि शेवटच्या दहा फुटांत ते वाया जातं.

म्हणून ठरलं ते असं. फ्रिज घेतला, पण दाराजवळ ठेवला नाही. आतल्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या वाटेवर, जिथे ऊन येत नाही. आतले दिवे एलईडी आणि बंद करता येतील असे. वरचे दोन कप्पे प्रीमियमचे, खालचे दोन काकांच्या मर्जीचे, कुठल्याही कंपनीचे. इंडेंट आठवड्याला, थोडं. पेटीवरची तारीख बघून जुनं आधी काढायचं, आणि जुनी पेटी मागे ढकलली तर त्या दिवशी जो वेटर असेल त्याने उत्तर द्यायचं. मेन्यूत पिंट माशांच्या पानावर, बिअरच्या यादीत नाही. आणि बिनअल्कोहोलची बाटली ठेवायची, गाडी चालवून खानापूरला परत जाणाऱ्यासाठी. हाइनेकनने २०१७ पासून ०.० जगभर पुढे रेटली ती याच गरजेसाठी.

कंपनीने एकाधिकाराची अट सोडली. प्रतिनिधीला वरून हे पटवायला वेळ लागला, पण गावात फ्रिजांची दारं मोजकी आहेत आणि आत शिरणं हेच महत्त्वाचं, हे त्यालाही कळत होतं.

वहीतले आकडे त्या घराचे आहेत, मी कल तेवढा सांगतो. शुक्रवार ते रविवार पिंट चालते आणि ज्या टेबलावर ती जाते तिथलं जेवणाचं बिल मोठं असतं. सोमवार ते गुरुवार उद्यमबागेतून सुटलेली मंडळी स्ट्राँगच मागतात, त्यात फरक नाही आणि तो पाडायचा प्रयत्नही करू नये. पावसाळ्यात दोन्ही उतरतात. गोव्याशी तुलना अजून होते, पण ती ६५० च्या बाटलीवर होते, पिंटवर क्वचित.

अडलंय ते एका ठिकाणी. पिंट डेपोत नेहमी नसते. कंपनी बेळगावच्या डेपोला मोठ्या बाटल्या भरपूर पाठवते, कारण तिच्या कागदावर हा पट्टा अजून 'मोठ्या बाटलीचा बाजार' आहे. बारवाला इंडेंट टाकतो, माल नाही असं उत्तर येतं, आणि कागदावर पिंटची मागणी दिसतच नाही. प्रतिनिधीने मागणीची वेगळी नोंद ठेवून वर पाठवायला हवी, डेपोच्या विक्रीवरून गावाची आवड ठरवू नये. काकांनी त्याला मुदत दिलीय. गणपतीच्या आधी पिंट डेपोत आली नाही, तर वरच्या दोन कप्प्यांतला एक पुन्हा स्ट्राँगला.